फ्रेंच सोडू नको, आरसा सोड

बेटा, तुझा निरोप आणि स्कोअरशीटचे फोटो मिळाले. आपले इतर पोट्टेही हे वाचणार आहेत, म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. नागपुरातल्या खुल्या बुद्धिबळ रेटिंग स्पर्धेत सहाव्या फेरीत तुला काळी मोहरी होती. तुझं रेटिंग १७२०, समोरच्याचं १५२०. तू फ्रेंच डिफेन्स (पांढऱ्याच्या ई४ ला ई६ असं उत्तर देणारी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात) खेळलास, त्याने तिसऱ्याच चालीला प्यादी बदलली. अठराव्या चालीला त्याने बरोबरी विचारली, तू नाही म्हणालास, आणि ५२ चालींनंतर डाव बरोबरीतच सुटला. रेटिंगचे दहा पॉइंट गेले. संध्याकाळी मोठ्या मंडळींनी तुला घेरलं, "काहून खेळतो बे ते फ्रेंच? सिसिलियन धर!" सिसिलियन म्हणजे ई४ ला काळ्याचं दुसरं एक उत्तर. आता तू मला दोन गोष्टी विचारतोस. ओपनिंग बदलू का? आणि अठराव्या चालीलाच हात मिळवायला हवा होता का?

दोन्हींना माझं उत्तर नाही असंच आहे. फ्रेंच सोडू नको, आणि बरोबरी नाकारलीस ते योग्यच केलंस. पण तुझ्या डावात मला दुसरीच गोष्ट दिसली, आणि ती मोठ्या मंडळींपैकी कोणी बोललेलं नाही. चौथ्या चालीपासून अकराव्यापर्यंत तू स्वतःची एकही चाल खेळला नाहीस.

डाव पटावर मांडून वाच. घो म्हणजे घोडा, उं उंट, व वजीर, ह हत्ती, रा राजा. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. घोबी-डी२ म्हणजे बी-फाइलवरचा घोडा डी२ वर; फाइल म्हणजे पटावरची उभी ओळ. ०-० म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग, ०-०-० वजिराच्या बाजूचं. आकड्यानंतर तीन टिंबं असली की ती काळ्याची चाल.

१. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ ई×डी५ ४. घो एफ३ घो एफ६ ५. उं डी३ उं डी६ ६. ०-० ०-० ७. उं जी५ उं जी४ ८. घोबी-डी२ घोबी-डी७ ९. सी३ सी६ १०. व सी२ व सी७ ११. हएफ-ई१ हएफ-ई८ १२. उं एच४ उं एच५ १३. उं जी३ उं×जी३ १४. एच×जी३ उं जी६ १५. उं×जी६ एच×जी६ १६. ह×ई८+ ह×ई८ १७. ह ई१ ह×ई१+ १८. घो×ई१, आणि इथे त्याने बरोबरी विचारली.

अकराव्या चालीनंतरचा पट बघ. मधोमध आडवा आरसा धरल्यासारखा आहे. त्याने घोडा काढला, तू घोडा काढलास. त्याने उंटाने पिन केलं, म्हणजे घोडा वजिरासमोर खिळवला, तूही केलंस. त्याचा वजीर सी२ वर, तुझा सी७ वर. पंधराव्या चालीनंतर पुन्हा तसाच आरसा, दोघांच्या जी-प्याद्यांची जोडीसुद्धा सारखी. अशा पटावर पुढची चाल पांढऱ्याची असते. आरशात उभं राहणारा नेहमी एक चाल मागे असतो. त्यातून हरायला फार मोठी चूक लागते हे खरं, पण जिंकायलाही समोरच्याची तेवढीच मोठी चूक लागते. तू जिंकायला बसला होतास आणि सगळा भरवसा त्याच्या चुकीवर ठेवून खेळत होतास.

म्हणून मी तुला सांगतो की ही बरोबरी फ्रेंचमुळे झालेली नाही. तिसऱ्या चालीला प्यादी बदलली की डाव बरोबरीतच जातो, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. प्यादी बदलण्याच्या या प्रकाराला एक्सचेंज व्हेरिएशन म्हणतात. ते नाव काढलं की काळ्याकडून खेळणाऱ्याचं तोंड उतरतं आणि पांढऱ्याला वाटतं, बरोबरीचा अर्धा पॉइंट खिशात पडला. पण या ओपनिंगला फ्रेंच हे नाव कशावरून पडलं, माहीत आहे? १८३४ मध्ये लंडन आणि पॅरिस या दोन शहरांच्या क्लबांत पत्रांतून सामना सुरू झाला. लंडनच्या ई४ ला पॅरिसने ई६ हे उत्तर दिलं, आणि तेव्हापासून हा बचाव फ्रेंच झाला. तो डाव एक्सचेंजचाच होता: ३. ई×डी५ ई×डी५ ४. घो एफ३ घो एफ६ ५. उं डी३. म्हणजे हुबेहूब तुझीच स्थिती. तिथे तू उं डी६ खेळलास. पॅरिसने ५...सी५ केलं, आरसा तिथेच फोडला, आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. ज्या डावावरून ओपनिंगला नाव मिळालं, तोच डाव एक्सचेंजमधून काळ्याने जिंकलेला आहे.

दुसरा डाव १९७८ चा, इस्रायलमधल्या बीरशेबाचा. पांढऱ्याकडून स्तेफानो ताताई, काळ्याकडून विक्टर कोर्चनॉय. त्याच वर्षी कोर्चनॉय बागिओला कार्पोवशी जगज्जेतेपदासाठी झुंजला. हा डाव १४ चालींत संपला. १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ ई×डी५ ४. उं डी३ सी५ ५. घो एफ३ घो सी६ ६. व ई२+ उं ई७ ७. डी×सी५ घो एफ६ ८. एच३ ०-० ९. ०-० उं×सी५ १०. सी३ ह ई८ ११. व सी२ व डी६ १२. घोबी-डी२ व जी३. इथे थांब आणि नीट बघ. वजीर प्याद्याच्या तोंडाशी उभा आहे, पण एफ२ चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण सी५ वरच्या उंटाने ते राजासमोर खिळवून ठेवलं आहे. पुढे १३. उं एफ५ ह ई२ १४. घो डी४ घो×डी४, आणि पांढऱ्याने डाव सोडला. ई-फाइल दोघांसाठी सारखीच उघडी होती. तिच्यावरून दुसऱ्या ओळीपर्यंत पोचला तो फक्त काळा हत्ती.

तिसरी गोष्ट १९९० च्या मनिला इंटरझोनलची, म्हणजे जगज्जेतेपदाच्या वाटेवरच्या पात्रता स्पर्धेची. शेवटच्या फेरीत मिखाईल गुरेविचला पुढे जायला अर्धा पॉइंट पुरेसा होता आणि मोहरी पांढरी होती. समोर नायजेल शॉर्ट. गुरेविचने फ्रेंचची प्यादी बदलली, म्हणजे बरोबरीचा सर्वांत जवळचा रस्ता धरला. शॉर्टने तो डाव काळ्याकडून जिंकला, गुरेविच बाहेर राहिला, आणि शॉर्ट त्याच वाटेने पुढे जात १९९३ मध्ये कास्पारोवसमोर जगज्जेतेपदाच्या सामन्याला बसला.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून मला ती ओळखीची वाटते. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेन. शेवटच्या फेरीत मला अर्धा पॉइंट हवा होता, पांढरी मोहरी होती, आणि समोर अमरावतीचे एक ज्येष्ठ खेळाडू होते. मी प्यादी बदलली आणि बिनधोक वाटणाऱ्या चाली खेळत राहिलो. त्यांनी घोडा एफ६ ऐवजी ई७ वर काढला, वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं आणि जी आणि एच प्यादी पुढे सोडली. तीस चालींच्या आत डाव संपला होता. हरल्यानंतर त्यांनीच मला शेजारी बसवून सगळा डाव परत दाखवला. तुला पुढे जी मांडणी सांगतो आहे ती त्या संध्याकाळी त्यांच्याकडून शिकलेली आहे.

आता तुझ्या ओपनिंगकडे वळू. पाचव्या चालीला तुझ्यासमोर दोन रस्ते होते.

पहिला पॅरिसचा, ५...सी५. त्याने सी५ वर मारलं की तू उंटाने मारतोस, आणि डी५ चं प्यादं एकटं पडतं, म्हणजे शेजारच्या फाइलींवर त्याला आधार द्यायला तुझं प्यादं उरत नाही. ही किंमत आहे आणि ती मनापासून मान्य असेल तरच हा रस्ता धर. बदल्यात तुझे दोन्ही उंट मोकळे, घोडा सी६ वर, हत्ती ई८ वर, आणि सगळं तोंड त्याच्या राजाकडे. व ई२ चा शह आला तर घाबरून वजीर मध्ये घालू नको. उंट ई७ वर आण. त्याचा वजीर ई-फाइलवर उघडा आहे आणि तुझा हत्ती तिथे आला की त्याला हलावंच लागेल. पण तुझा स्वभाव बघता एकट्या प्याद्याचं ओझं तुला सध्या पेलणार नाही असं मला वाटतं. वजीर बदलले गेले की तू अशा प्याद्याला चिकटून बसतोस. वर्षभराने पुन्हा बोलू.

दुसरा रस्ता तुझ्यासाठी. चौथ्या चालीलाच घोडा एफ६ वर न्यायची घाई करू नको. ४...उं डी६ ५. उं डी३ घो सी६ ६. सी३ घोजी-ई७ ७. ०-० उं जी४ ८. ह ई१ व डी७ ९. घोबी-डी२ ०-०-०. घोडा ई७ वर का? तुझ्या डावात सातव्या चालीला उं जी५ ने एफ६ चा घोडा खिळला आणि मग तू बराच वेळ त्याचीच काळजी करत राहिलास. ई७ वरच्या घोड्याला तो जाच नाही, कारण एफ-प्यादं मोकळं आहे, एफ६ करून उंटाला हाकलता येतं आणि ते प्यादं ई५ वरही पहारा देतं. शिवाय घोडा ई-फाइलवर आडवा उभा आहे, त्यामुळे त्याच्या ई१ वरच्या हत्तीला पुढे काहीच दिसत नाही. तिथून घोडा जी६ ला जातो किंवा एफ५ ला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोघांचे राजे आता दोन बाजूंना आहेत. तो बी४, ए४ करत येणार, तू जी५, एच५ करत जाणार. १५२० वाल्याला इथे अर्ध्या पॉइंटसाठी झोपाळ्यावर बसून राहता येत नाही, त्याला रोज नवा प्रश्न सोडवावा लागतो. धोका तुलाही तेवढाच आहे हे लक्षात ठेव. बी५ आलं की सी६ चा घोडा कुठे जाणार, हे तुला नवव्या चालीच्या आधी ठरवून ठेवावं लागेल. आणि त्याने सी३ ऐवजी सी४ केलं तर हे सगळं बाजूला ठेव. मग एकटं प्यादं त्याचं होणार आहे, तेव्हा घोडा एफ६ वरच आण, लवकर कॅसलिंग कर आणि डी४ वर डोळा ठेव.

तुझ्या डावाच्या अकराव्या चालीवर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण ही चूक फक्त फ्रेंचपुरती नाही. त्याने हत्ती ई१ वर आणला आणि तू लगेच ई८ वर आणलास. विचारलं तर म्हणशील, "सर, ओपन फाइल त्याला कशी देऊ?" ओपन फाइल म्हणजे रस्ता. रस्त्याचा उपयोग तेव्हा, जेव्हा त्याच्या शेवटी एखादं उघडं दार असतं. तुझ्या पटावर दारं मोज. ई७ आणि ई५ वर तुझ्या डी६ च्या उंटाचा पहारा. ई८ आणि ई४ वर एफ६ च्या घोड्याचा. त्याचा हत्ती ई१ वरून कुठे शिरणार होता? कुठेच नाही. तू ११...उं एच५ खेळून उंट जी६ कडे नेला असतास, तर त्याचा हत्ती ई-फाइलवर बसून राहिला असता आणि तुझे दोन्ही हत्ती पटावर असते. त्याऐवजी अठराव्या चालीपर्यंत चारही हत्ती डब्यात गेले. हत्ती गेले की कमी रेटिंगवाल्याचं अर्धं काम तूच करून दिलंस. ज्याला बरोबरी हवी असते तो मोहरे मोजत असतो. प्रत्येक मारामारीनंतर त्याचा श्वास थोडा मोकळा होतो.

तरीही अठराव्या चालीला तू बरोबरी नाकारलीस ते मला आवडलं. प्रत्येकाकडे वजीर, दोन घोडे आणि सात प्यादी होती. सगळं समान, पण खेळायला भरपूर. चूक त्याच्या पुढची. जिंकायचं म्हणजे काहीतरी फोडायचं, असं तू धरून चाललास. सव्विसाव्या चालीला वजीर बदलले गेले. तिसाव्या चालीनंतरची तुझीच स्कोअरशीट बघ. त्याचा राजा ई३ वर आलेला आहे. तुझा राजा सहाव्या चालीला कॅसलिंग केलं तेव्हापासून जी८ वरच आहे आणि एक घोडा ए५ वर कडेला बसलेला आहे. आणि अशा वेळी तू ३१...सी५ केलंस, मग सी×डी४ करून मध्य उघडलास. आता डी४ आणि डी५ ही दोन्ही प्यादी एकटी होती. कागदावर पुन्हा आरसाच. पण त्याच्या प्याद्याशेजारी राजा उभा होता, तुझ्या प्याद्याशेजारी कोणी नव्हतं. पाच चालींत डी५ पडलं.

घोड्यांचा एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, प्याद्यांच्या एंडगेमसारखाच मोजायचा असतो. राजा आधी, बाकी सगळं नंतर. वजीर पटावरून उतरल्याबरोबर रा एफ८, रा ई७, रा डी६ या तीन चाली तू डोळे मिटून खेळायला हव्या होत्यास. कडेचा घोडा मागे घ्यायला हवा होता. त्यानंतर सी५ चा विचार. या ठिकाणी डाव हातातून निसटला, आणि याचा फ्रेंचशी काही संबंध नाही. सिसिलियन खेळूनही तू हेच केलं असतंस.

त्यानंतरच्या वीस चालींचं मात्र कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. एक प्यादं कमी असताना तू ए आणि बी प्यादी कापत गेलास, राजाच्या बाजूलाही कापाकापी करून त्याचं एकच जी-प्यादं ठेवलंस. पन्नासाव्या चालीला त्याच्या राजाने तुझं शेवटचं प्यादं बी५ वर खाल्लं आणि तू राजा डी६ वर आणलास. मग तो ५१. जी६ खेळला. ही स्थिती मांडून पटाकडे पाच मिनिटं बघत राहा. पांढरा राजा बी५, घोडा एफ४, प्यादी डी५ आणि जी६. काळा राजा डी६, घोडा ई७. चाल काळ्याची. दोन प्यादी कमी.

तुझा घोडा दोन्ही प्याद्यांवर नेम धरून आहे. त्याचा एफ४ चा घोडा दोन्ही प्याद्यांना एकटाच धरून आहे. कुठलं मारायचं? हात आधी डी५ कडे जातो, कारण ते मधलं प्यादं, राजाच्या शेजारचं आणि इतका वेळ त्रास दिलेलं. ५१...घो×डी५ ५२. घो×डी५, आणि आता रा×डी५ केलं तर ५३. जी७, तुझा राजा पोचत नाही, प्याद्याचा वजीर होतो. ५२...रा ई६ केलं तर ५३. घो एफ४+, शह देता देता घोडा पुन्हा जी६ ला धरतो, आणि त्याचा राजा सावकाश चालत येऊन डाव संपवतो. दोन्हीकडे हार.

तू खेळलास ५१...घो×जी६. त्याला मारण्यावाचून मार्ग नाही, कारण त्याचा घोडा आता तुझ्या घोड्याच्या माऱ्यात आहे. ५२. घो×जी६ रा×डी५. पटावर एक राजा आणि एक घोडा, समोर एकटा राजा. एका घोड्याने मात होऊच शकत नाही, म्हणून फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमाप्रमाणे डाव त्याच क्षणी बरोबरीत संपतो. मागणी करावी लागत नाही, वेळ उरला की संपला हेही बघितलं जात नाही. घोडा देऊन दूरचं प्यादं घ्यायचं आणि जवळचं राजाने खायचं, हे तुला त्या घामाघूम दुपारी, कूलरच्या घरघरीत, चौथ्या तासाला सुचलं. याचा मला खरोखर अभिमान वाटतो. निरोपात तू ही चाल सांगितलीसुद्धा नव्हतीस, मी स्कोअरशीटवर शोधली.

त्याने काय करायला हवं होतं तेही बघून ठेव, उद्या ती बाजू तुझी असेल. ५१. रा सी४. राजाने डी५ ला आधार दिला की घोडा मोकळा होतो आणि तुझी ही युक्ती चालत नाही, कारण घो×जी६ आणि घो×जी६ नंतर तुझ्या राजाला डी५ खाता येत नाही. त्यानंतर डाव वाचवणं फार अवघड होतं. त्याला जी६ ची घाई झाली, तशीच तुला ३१ व्या चालीला सी५ ची झाली होती.

आता त्या दहा पॉइंटांचं. तुमच्यातला फरक २०० चा. फिडेच्या तक्त्यात अशा डावातून वरच्या खेळाडूने ०.७६ मिळवणं अपेक्षित असतं. तुला ०.५ मिळाला, ०.२६ कमी पडला. अठरा वर्षांखालच्या खेळाडूसाठी, रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, हा आकडा ४० ने गुणतात, म्हणून १०.४ गेले. मोठ्या माणसाचे याच बरोबरीत ५.२ गेले असते. तोच ४० चा गुणक जिंकल्यावर तुला दुप्पट वेगाने वर नेतो. शिवाय १५२० या आकड्याला फार मान खाली घालू नको. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालची रेटिंगं वर सरकवली आणि तळाची मर्यादा १४०० केली. त्या पट्ट्यात आपल्या विदर्भातली कितीतरी पोरं आहेत जी सहा महिन्यांत ओळखू येणार नाहीत इतकी सुधारतात. तुझ्यासमोरचा मुलगा ५० व्या चालीला दोन प्यादी वर होता, हे विसरू नको.

बरोबरी म्हणजे वाया गेलेला दिवस, असं तुझ्या निरोपातून जाणवतं. आपल्याच शहरातल्या दिव्या देशमुखकडे बघ. जुलै २०२५, बाटुमी, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, समोर कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत. टायब्रेकचा (बरोबरी फोडायच्या डावांतला) पहिला रॅपिड, म्हणजे कमी वेळेचा, डावही बरोबरीत. दुसरा रॅपिड तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, विश्वचषक घेतला आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. त्या तीन बरोबऱ्यांत तिने अर्धा-अर्धा पॉइंट सांभाळला नसता तर चौथा डाव आलाच नसता. रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे दोघे ग्रँडमास्टरही याच शहरातले. त्यांचे डाव काढ आणि बरोबरीचे डाव वेगळे करून बघ. तुला तिथे पाचव्या-सहाव्या तासापर्यंत ओढलेले एंडगेम सापडतील.

मोठ्या मंडळींशी वाद घालू नको. ते प्रेमापोटी सांगतात आणि त्यांनी सिसिलियनमध्ये खूप डाव जिंकले आहेत. पण सिसिलियन धरायचं म्हणजे पुढचे आठ-दहा महिने पाठांतर, आणि अकरावीचं वर्ष आहे तुझं. ओपनिंगसाठी तुझ्याकडे आठवड्याला दोन-तीन तास असतील. ते सी६-ई७ घोड्यांच्या मांडणीला दे. उरलेला वेळ एका साध्या सरावाला दे. वजीर, हत्ती, उंट सगळे काढून टाक. पांढरा राजा जी१, काळा जी८, दोघांना दोन-दोन घोडे आणि तुझ्या डावातलीच सात-सात प्यादी. अट एकच. राजा मध्यावर पोचेपर्यंत मधलं प्यादं हलवायचं नाही. धाकट्या बहिणीशी खेळ, माझ्याशी खेळ, दोन्ही बाजूंनी खेळ. पंधरा-वीस डावांनंतर ३१...सी५ खेळायला तुझा हात आपोआप थांबेल.

अजून एक. तुझ्या स्कोअरशीटवर चाली नीट आहेत, पण वेळ कुठेच लिहिलेला नाही. घड्याळातला उरलेला वेळ चालीशेजारी लिहायला नियमाने परवानगी आहे. ३१ व्या चालीला तू किती मिनिटं घेतलीस आणि ५१ व्या चालीला किती, हे मला कळायला हवं. रविवारी सकाळी धरमपेठेत ये, स्कोअरशीटची मूळ प्रत घेऊन ये, आणि आठवत असेल तेवढा वेळ पेन्सिलने शेजारी लिहून आण. आपण १९ व्या चालीपासून सुरुवात करू. काळ्याकडून मी बसतो, पांढऱ्याकडून तू बस.